जुळला, पण फोन लागला का?

सकाळी अकराच्या सुमारास सेंट्रल बझार रोडनं रामदासपेठेत शिरलं की रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचाव्यात. एमएच ३१ आणि ४० तर असणारच, ती नागपूरची आणि तालुक्यांची. पण त्यांच्यात चंद्रपूरची ३४, गडचिरोलीची ३३, यवतमाळची २९, भंडाऱ्याची ३६, गोंदियाची ३५ आणि मधूनच मध्य प्रदेशातली एखादी गाडी. एकेका इमारतीवर दहा-दहा डॉक्टरांची नावं, तळमजल्यावर औषधांचं दुकान, वर पॅथॉलॉजी, जवळपास कुठे तरी रक्तपेढी. शेजारची धंतोली धरली तर अर्धा विदर्भ आपल्या आजाराची कागदं प्लास्टिकच्या पिशवीत घालून याच दोन वस्त्यांत येतो. इथल्या बहुतेक तपासण्या आजारी माणसाच्या असतात. या प्रकरणात जिची गोष्ट आहे ती तपासणी मात्र धडधाकट माणसाची, आणि तीही त्यानं कधीही न पाहिलेल्या माणसासाठी करायची.

तपासणी म्हणावी इतकीसुद्धा ती मोठी नाही. एक अर्ज, एक संमतीपत्र, ओळखपत्राची प्रत. मग लांब दांडीचा कापसाचा बोळा गालाच्या आतल्या बाजूला थोडा वेळ फिरवायचा, दुसरा बोळा दुसऱ्या गालाला, दोन्ही पाकिटात घालून पाकीट बंद. सुई नाही, रक्त नाही, उपाशी राहणं नाही. भारतातल्या नोंदणी संस्था साधारण १८ ते ५० किंवा ५५ वयापर्यंतच्या निरोगी माणसांची नावं घेतात. पाकीट प्रयोगशाळेत जातं, तिथं एचएलए नावाच्या जनुकांचं वाचन होतं आणि ते आकडे सांकेतिक क्रमांकाखाली संगणकात जाऊन बसतात. तुम्ही बोन मॅरोचे संभाव्य दाते झालात. यातला ‘संभाव्य’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे, कारण नाव नोंदवणाऱ्यांपैकी बहुतेकांना जन्मात कधी बोलावणं येत नाही.

हाडांच्या पोकळीतला बोन मॅरो म्हणजे रक्ताचा कारखाना. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी तयार होतात, त्या तिथेच. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही तिथल्याच. ल्युकेमियात या कारखान्यातून बिघडलेला माल अमाप निघू लागतो. ऍप्लास्टिक ॲनिमियात कारखाना बंद पडतो. थॅलेसेमिया आणि सिकलसेलमध्ये कारखाना चालू असतो, पण हिमोग्लोबिनच मुळात चुकीचं बनतं. औषधानं भागत नाही तेव्हा जुना मॅरो औषधांनी नष्ट करून त्या जागी दुसऱ्याच्या मूलपेशी सोडायच्या, हा उपाय. ‘ट्रान्सप्लांट’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर येतं, पण इथं रोग्याला मिळते ती सलाइनसारखी टांगलेली एक पिशवी. त्या पेशी शिरेतून जातात आणि हाडांत आपली जागा आपण शोधतात. पुढे काही काळानं रोग्याचा रक्तगटसुद्धा दात्याचा होतो.

यावरून एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. ‘रक्तगट जुळला ना, मग झालं’, असं नातेवाईक म्हणतात. रक्तगट जुळला नाही तरी चालतं. जुळावं लागतं ते एचएलए. पॅरिसचे डॉक्टर ज्याँ दोसे यांनी १९५८ साली या कुळातल्या पहिल्या खुणेचा शोध लावला आणि १९८० साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. या खुणा पेशींच्या पृष्ठभागावर असतात आणि आपलं कोण, परकं कोण, हे शरीर त्यांच्यावरून ओळखतं. मूत्रपिंडाच्या रोपणात भीती असते ती शरीर परक्या अवयवाला हाकलून देईल याची. बोन मॅरोत भीती दुहेरी, कारण इथं रोपण होतं ते संरक्षण यंत्रणेचंच. घरात घेतलेल्या पाहुण्यानं मालकालाच बाहेर काढावं, तसा दात्याच्या पेशी रोग्याच्या कातडीवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला चढवतात. म्हणून जुळणी जितकी नेमकी तितकं बरं.

एचएलएची ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात आणि सहसा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. एक संच आईकडून, एक वडिलांकडून. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि आईवडिलांशी बहुतेक वेळा अर्धीच जुळणी. आता हिशेब करून पाहा. रोग्याला चार भावंडं असतील, तर त्यांतलं एक तरी जुळण्याची शक्यता ६८ टक्के. एकच भाऊ किंवा बहीण असेल तर २५. आपल्या आजोबांच्या पिढीत घरात पोरांची रांग होती, पण ट्रान्सप्लांट नव्हतं. आता ट्रान्सप्लांट आहे आणि घरात मुलं दोन. कुटुंबनियोजनाचा हा परिणाम कोणी आधी मोजला नव्हता.

१९८३च्या मार्चमध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, तेही भावंडांमधलंच. ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, मॅरो तिच्या भावाचा. करणारे डॉ. सुरेश अडवाणी स्वतः लहानपणी पोलिओ झाल्यानं चाकाच्या खुर्चीवरून काम करत. ही विद्या ते सिॲटलला, डॉ. डॉनल टॉमस यांच्याकडे शिकून आले होते. टॉमस यांना याच कामासाठी १९९० साली नोबेल मिळालं.

नागपुरात हा विषय ल्युकेमियापुरता राहत नाही. इथला घरचा आजार सिकलसेल. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, तेव्हापासून विदर्भ या आजाराच्या नकाशावर आहे. गोंड, परधान, बौद्ध, तेली, कुणबी, कितीतरी समाजांत हे जनुक आढळतं. पूर्वी मलेरियाच्या जंगलात त्याची एक प्रत अंगात असणं फायद्याचं होतं, म्हणून ते टिकून राहिलं. दोन प्रती आल्या की आजार. विदर्भातल्या कितीतरी घरांत ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द रक्तगटासारखे सहज बोलले जातात. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे ग्रस्त. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या कामातून हा आजार सरकारदरबारी पोचवला. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, आणि जुलै २०२३ मध्ये हा आजार हटवण्याची राष्ट्रीय मोहीम मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली.

सिकलसेलमध्ये भावंडाचा हिशेब आणखी कडक होतो. आईवडील दोघंही एएस असतील, तर दुसरं मूल एसएस नसण्याची शक्यता चारात तीन. एचएलए जुळण्याची चारात एक. हिमोग्लोबिनचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आणि एचएलए सहाव्यावर, म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. गुणाकार केला की सोळात तीन, एकोणीस टक्क्यांच्याही आत. भावंड जुळलं आणि ते एएस निघालं तरी ते दाता होऊ शकतं, हे मात्र इथं ठासून सांगायला हवं, कारण ‘तो स्वतःच वाहक आहे, त्याचं कसं चालेल?’ हा प्रश्न दवाखान्याच्या पायरीवर नेहमी ऐकू येतो. अनोळखी रोग्यांसाठीच्या नोंदणीतसुद्धा निव्वळ वाहक असणं हे बहुतेक ठिकाणी नकाराचं कारण नसतं. एएस असल्याचं अर्जावर लिहायचं, पुढचं संस्थेचे डॉक्टर ठरवतात. एसएस असलेल्यांनी मात्र दाता व्हायचं नाही. पेशी वाढवण्यासाठी दात्याला जे इंजेक्शन देतात, ते त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

घरात कोणी जुळलं नाही, तर? या प्रश्नातून नोंदणीची कल्पना आली, आणि ती एका आईच्या हट्टातून आली. लंडनच्या शर्ली नोलन यांचा मुलगा अँथनी जन्मजात दुर्मिळ आजार घेऊन आला होता आणि त्याला दाता मिळत नव्हता. १९७४ साली शर्लीबाईंनी अनोळखी दात्यांची यादी करायला सुरुवात केली. १९७९ साली अँथनी गेला, आठ वर्षांचाही झाला नव्हता. त्याच्याशी जुळणारं कोणी शेवटपर्यंत मिळालं नाही, पण यादी चालू राहिली. तिच्या पाठोपाठ देशोदेशी नोंदण्या झाल्या. आज जगभरच्या याद्या एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि त्यांत चार कोटींहून अधिक नावं आहेत. नागपूरच्या रोग्याचा शोध घ्यायचा तर डॉक्टर एकाच वेळी बर्लिनपासून चेन्नईपर्यंतच्या नावांत शोधतात.

पण चार कोटींचा हा आकडा आपल्याला फसवतो. साडेआठ कोटींच्या आतबाहेर लोकसंख्या असलेल्या जर्मनीत एक कोटीच्या आसपास नोंदलेले दाते आहेत. एकशे चाळीस कोटींच्या भारतातल्या सगळ्या संस्थांची नावं एकत्र केली तरी मोजणी लाखांतच राहते. दिल्लीच्या एम्समध्ये १९९४ साली डॉ. नरिंदर मेहरा यांनी आशियाई भारतीय दात्यांची पहिली नोंदणी सुरू केली. चेन्नईची ‘दात्री’ २००९ची. बंगळुरूत ‘डीकेएमएस’ या मूळच्या जर्मन संस्थेनं तिथल्या मेडिकल सर्व्हिसेस ट्रस्टबरोबर काम उभं केलं. मुंबईतही एक नोंदणी आहे. २०१४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेच्या नोंदणीबद्दल जो अभ्यास आला, त्यात युरोपीय वंशाच्या गोऱ्या रोग्याला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के होती, दक्षिण आशियाई रोग्याला ३३.

याचं कारण केवळ आकडे कमी हे नाही. आपण लग्नं कशी करतो, हेही आहे. हैदराबाद आणि बोस्टनच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की भारतात वेगवेगळे लोकसमूह एकमेकांत मिसळण्याचा काळ साधारण १,९०० वर्षांपूर्वी संपला. त्यानंतर जातीत लग्न, पोटजातीत लग्न, विदर्भाचा मुलगा आणि विदर्भाचीच मुलगी. एचएलएचे संच या कुंपणांच्या आत फिरत राहिले. त्यामुळे हलबा कोष्टी रोग्याशी जुळणारा माणूस जगात कुठे असेल तर बहुधा हलबा कोष्ट्यांतच, आणि गोंड मुलीचा दाता गोंडांत. यादीत त्या समाजाची माणसंच नसतील, तर चार कोटी नावांचा त्या मुलीला काडीचा उपयोग नाही. आजवर ज्या कॉर्पोरेट कंपन्यांत आणि महानगरी कॉलेजांत शिबिरं झाली, तिथं गोंड आणि परधान पोरं किती असणार? ज्यांनी जातीच्या भिंती बांधल्या त्यांना सहाव्या गुणसूत्राची कल्पना नव्हती, पण शिक्षा आज कोणाला भोगावी लागते ते पाहावं.

आपसात लग्नं करणाऱ्या समाजाला या कोंडीतून वाट काढता येते, याचं एक उदाहरण अमेरिकेत आहे. जे फाइनबर्ग नावाच्या बावीस वर्षांच्या ज्यू तरुणाला १९९१ साली ल्युकेमिया झाला. पूर्व युरोपातल्या त्याच्या समाजाचा वंशविस्तारच महायुद्धात छाटला गेला होता, त्यामुळे जुळणारं कोणी मिळेना. मित्रांनी आणि नातलगांनी चार वर्षं ज्यू वस्त्यांत शिबिरांमागून शिबिरं घेतली, साठ हजारांच्या आसपास लोक तपासले. मे १९९५ मध्ये मिल्वॉकीत शेवटचं शिबिर झालं आणि त्यात तपासलेली शेवटची मुलगी जुळली. फाइनबर्ग वाचले आणि त्या मोहिमेतूनच पुढे त्यांची नोंदणी संस्था उभी राहिली. ही कथा सिनेमासारखी वाटते म्हणून तिच्या जोडीला दुसरीही सांगितली पाहिजे. २००७ साली कॅलिफोर्नियात समीर भाटिया आणि विनय चक्रवर्ती या दोन तरुणांसाठी मित्रांनी अकरा आठवड्यांत २४,६११ दक्षिण आशियाई नावं नोंदवली. दोघांनाही दाते मिळाले, दोघांचं ट्रान्सप्लांट झालं. दोघंही २००८ साली गेले. दाता मिळाला म्हणजे जीव वाचला, असं नसतं.

मला विचाराल तर या देशात नोंदणीचं टेबल मांडायला दीक्षाभूमीसारखी जागा नाही. ती रामदासपेठेपासून फार दूरही नाही. अशोक विजयादशमीला तिथं लाखो माणसं येतात, पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. त्या गर्दीतल्या कितीतरी घरांना एएस-एसएसची भाषा शिकवावी लागत नाही. यातला एकेक बोळा तपासायला पैसे लागतात आणि ते संस्थेला देणग्यांतून उभे करावे लागतात, हे खरं आहे. म्हणूनच कुठली नावं आधी घ्यायची याचा विचार व्हायला हवा.

आता प्रत्यक्ष दानाकडे. ‘मणक्यात सुई घालतात’, ही भीती इतकी पसरलेली आहे की तिचं उत्तर आधी: मणक्याला कोणी हात लावत नाही. आज बहुतेक दाते रक्तातूनच पेशी देतात. चार-पाच दिवस रोज कातडीखाली एक इंजेक्शन, त्यानं मूलपेशी हाडांतून रक्तात उतरतात. मग एका हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात जातं, यंत्र हव्या त्या पेशी वेगळ्या करतं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. चार-पाच तास पडून राहायचं. प्लेटलेट दिलेल्या माणसाला हे यंत्र ओळखीचं वाटेल. त्या इंजेक्शनांच्या दिवसांत अंग ठणकतं, कंबर आणि मांड्यांची हाडं दुखतात, डोकं दुखतं. पॅरासिटामॉलनं बहुतेकांचं भागतं आणि इंजेक्शनं थांबली की दुखणं ओसरतं. गंभीर त्रास क्वचित होतो, पण होऊच शकत नाही असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे नाव नोंदवू नये.

दुसरी पद्धत जुनी. दात्याला भूल देऊन कमरेच्या मागच्या बाजूच्या हाडातून सुईनं मॅरो काढतात. दात्याच्या वजनाप्रमाणे मर्यादा ठरते, साधारण एका लिटरच्या आत. कंबर काही दिवस अवघडते, काढलेला मॅरो काही आठवड्यांत भरून येतो. रोगी लहान मूल असेल किंवा आजार कर्करोगाचा नसेल, तेव्हा डॉक्टर अजूनही हीच पद्धत मागतात, कारण पाहुण्यानं मालकावर उठण्याचा धोका तीत कमी असतो. म्हणजे थॅलेसेमिया-सिकलसेलच्या प्रदेशातल्या दात्यानं या दुसऱ्या पद्धतीचीही मनाची तयारी ठेवावी. दात्याला पैसे मिळत नाहीत आणि त्याचा खर्चही होत नाही. कोणाला दिलं हे त्याला सांगत नाहीत. किमान एक वर्ष दोघांची ओळख गुप्त ठेवतात. काढलेल्या पेशी माणसाच्या हाती, थंड पेटीतून, क्ष-किरण यंत्रातून न जाऊ देता, साधारण ७२ तासांच्या आत रोग्यापर्यंत पोचवतात.

हे सगळं एकदा समजलं की त्यात भिण्यासारखं फार काही उरत नाही. अडतं दुसरीकडेच.

एकविसाव्या वर्षी इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉलमध्ये मित्रांबरोबर रांगेत उभं राहून मुलगा बोळा फिरवतो, सेल्फी काढतो. सहा-सात वर्षांनी फोन येतो. दरम्यान तो नागपूर सोडून हिंजवडीला किंवा हैदराबादला गेलेला असतो. सिमकार्ड बदललेलं असतं, कॉलेजचा ईमेल बंद पडलेला असतो. फोन लागलाच तर अनोळखी नंबर म्हणून तो उचलत नाही, कर्ज विकणारे रोज दहा फोन करतातच. उचललाच तर तो म्हणतो, ‘हो, आठवतंय, घरी विचारून सांगतो.’ या देशातल्या नोंदणीचं भवितव्य या वाक्यावर टांगलेलं आहे. घरी म्हणजे उमरेडला किंवा वणीला. आई आधी गप्प होते. मग मावशीचा फोन येतो: ‘काहून बावा, तुले कायची हौस आली? हाडातलं काढतेत म्हणे. लगन व्हायचं हाय अजून.’ मुलगी असेल तर हेच दहापट. ‘उद्या मुलाकडच्यांनी विचारलं तर काय सांगायचं?’ रक्तदानाबद्दल कधी कुरकुर न करणारं घर इथं पाय रोवून उभं राहतं. कारण रक्तदान घरी सांगून कोणी करत नाही, संध्याकाळी हातावरची पट्टी दिसते तेव्हा कळतं. हे मात्र विचारूनच करावं लागतं.

पिट्सबर्ग विद्यापीठातले गेलन स्वित्झर यांनी अनेक वर्षं हाच अभ्यास केला: नाव नोंदवलेली माणसं ऐन वेळी मागे का फिरतात? त्यांच्या कामातून निघालेलं सार असं, की नोंदणीच्या वेळी मनात असलेली दुविधा हा पुढच्या नकाराचा मोठा इशारा असतो. यातून शिबिरं भरवणाऱ्यांसाठी एक अवघड गोष्ट निघते. एखाद्या गोड चेहऱ्याच्या मुलीचा फोटो लावून शिबिर घेतलं की गर्दी होते. पण त्या गर्दीतलं कोणी त्याच मुलीशी जुळण्याची शक्यता नगण्य असते. तिच्यासाठी आलेला माणूस पुढे एखाद्या अनोळखी, अर्धवट टकल्या, पन्नाशीच्या गृहस्थासाठी पाच दिवस इंजेक्शनं घेईल का? हा प्रश्न टेबलावरच विचारला पाहिजे आणि ज्याचं उत्तर ‘नाही’ असेल, त्याला आदरानं परत पाठवलं पाहिजे. मी तर म्हणेन, शंभर बोळे गोळा केल्याच्या बातमीपेक्षा वीस जणांना समजावून परत पाठवल्याची बातमी मला जास्त आवडेल.

कारण नकाराची किंमत वेळेप्रमाणे बदलते. पहिल्या फोनला ‘नको’ म्हटलं, तर डॉक्टर यादीतलं पुढचं नाव पाहतात. पक्क्या जुळणीसाठी रक्त दिल्यावर, एचआयव्ही-काविळीच्या तपासण्या झाल्यावर ‘नको’ म्हटलं, तर आठवडे वाया जातात, आणि ल्युकेमियात आठवडे मोजके असतात. पण रोग्याला तीव्र औषधं देऊन त्याचा स्वतःचा मॅरो नष्ट करणं सुरू झालं, की त्यानंतरचा नकार त्याच्या मृत्यूइतकाच असतो. त्याच्याकडे आता स्वतःचं रक्त बनवायला काही उरलेलं नसतं. कायद्यानं आणि नियमानं दात्याला शेवटच्या क्षणापर्यंत मागे फिरता येतं, तसं संमतीपत्रावर छापलेलं असतं, आणि ते तसंच असायला हवं. जबरदस्तीचं दान हे दान नाही. पण नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हणावं, एवढी अपेक्षा ठेवता येते.

या नोंदणीवर एक रास्त आक्षेप गेल्या काही वर्षांत घेतला जातो. आता अर्ध्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट होतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विकसित झालेल्या पद्धतीत पेशी दिल्यानंतर तीन-चार दिवसांनी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देऊन हल्लेखोर पेशींना आवरतात. त्यामुळे आई, वडील, मूल, अर्धा जुळणारा भाऊ, कोणीही चालतं. भारतातल्या कितीतरी केंद्रांत ही पद्धत रुळली आहे. परदेशी नोंदणीकडून पेशी आणायला आणखी कित्येक लाख लागतात, दाता शोधायला महिने जातात, आणि आई तर खोलीतच बसलेली असते. शिवाय सिकलसेलसाठी अनोळखी दात्याच्या पेशी वापरून अमेरिकेत मुलांवर जी चाचणी झाली, तिचे निकाल निराशाजनक होते. पाहुण्याचा हल्ला फार मुलांत झाला. सिकलसेलमध्ये आजही पहिली पसंती जुळणाऱ्या भावंडालाच. कोल इंडियाची २०१७ पासूनची योजनाही थॅलेसेमियाच्या मुलाला ट्रान्सप्लांटसाठी दहा लाखांपर्यंत मदत देताना जुळणारा दाता घरचा असण्यावरच उभी राहिली. (कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरातच आहे, तरी इथल्या किती पालकांना ही योजना ठाऊक आहे, कोण जाणे.)

मग नोंदणी कशाला? ल्युकेमियासाठी आणि ऍप्लास्टिक ॲनिमियासाठी. ज्याच्या शरीरात घरच्यांच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली आहेत त्याच्यासाठी, आणि वारंवार रक्त चढवलेल्या मुलांत तशी ती होऊ शकतात. ज्याचे आईवडील थकले आहेत, ज्याला मूल नाही, ज्याचा एकुलता भाऊ स्वतः आजारी आहे, त्याच्यासाठी. अर्ध्या जुळणीनं नोंदणीची गरज कमी केली, संपवली नाही. शिबिराच्या भाषणात हे सांगत नाहीत, सांगायला हवं. पूर्ण माहिती घेऊन आलेला माणूस सात वर्षांनी फोन उचलतो.

म्हणून नाव नोंदवणाऱ्याला सांगण्यासारख्या गोष्टी थोड्या आणि कोरड्या आहेत. फोन नंबर, पत्ता, ईमेल बदलला की संस्थेला कळवायचं, जसं बँकेला कळवतो तसं. मुलींनी गरोदरपण किंवा अंगावर पाजणं असेल तर तेही कळवायचं, त्या काळापुरतं नाव बाजूला ठेवतात. कॉलेजचा ईमेल लिहायचा नाही. मोठा आजार झाला किंवा मन बदललं, तर आपणहून नाव काढून घ्यायचं. त्याला कोणी कारण विचारत नाही. नाहीतर वयाच्या साठीच्या आसपास ते आपोआप निघतं. आणि अर्जावर पर्यायी संपर्काचा रकाना असतो, तिथं मित्राचा नंबर टाकायची रीत आहे. तिथं आईचा टाकावा, आणि तो का टाकला हे त्याच रात्री जेवताना तिला सांगावं. मावशीचा फोन काय तो तेव्हाच येऊन जाऊ दे.